आमटीसाठी उघडलेलं दार

थमेरच्या मगरदेवाचं दार आपोआप उघडतं, हे नाईलकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सुगीच्या उत्सवाच्या दिवशी देवळाचं अंगण इतकं गच्च भरलं होतं की हातातला कांदा खाली पडला तर वाकून उचलायची सोय नव्हती. चार-चार दिवस नावेतून आलेली माणसं होती, डोळ्यांना चिरगुटं बांधलेले म्हातारे होते, तापाने फणफणलेली पोरं होती. एक आंधळा होता आणि 'काय दिसतं ते मी सांगतो' म्हणत त्याला घेऊन आलेला त्याचा बहिरा भाऊही होता.

दार दोन पुरुष उंच, देवदाराचं, तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं. त्याला कडी नव्हती आणि ढकलायला माणूसही नव्हता. समोर कमरेइतकी उंच दगडी वेदी, आणि वेदीपाशी मुख्य पुजारी पाकेब. डोकं तुळतुळीत, खांद्यावर चित्त्याचं कातडं, आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावरची गाढवंही कान टवकारत.

"ऐका रे लेकरांनो! बाकीचे देव हाक मारली की ओ देतात. आमचा मगरदेव सोबेक तसला नाही. तो आधी तुम्हाला नीट पारखतो! तुम्ही म्हणाल, देवा, बैल दे. देव म्हणेल, गेल्या वर्षी दिलेल्या बैलाचं काय केलंस? मनात पाप असलं तर दार उघडायचं नाही. आणि खोटारड्याला? खोटारड्याला तर सात जन्म नाही!"

वेदीवर बाभळीची वाळकी लाकडं पेटली. त्यावर धूप पडला, कर्णे वाजले. मग काहीच झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. "देव विचार करतोय," पाकेब दबक्या आवाजात म्हणाला आणि लोकांनी श्वास रोखले. अखेर दोन्ही फळ्या कुरकुरल्या आणि कोणाचाही हात न लागता हळूहळू उघडल्या. आतल्या अंधारात सोनेरी मगर बसली होती. बायकांनी जमिनीवर लोटांगण घातलं. "उघडलं, उघडलं!" बहिऱ्याने आंधळ्याला सांगितलं, आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

गर्दीच्या कडेला सारापास तांबट उभा होता. त्याच्या खांद्यावर सात वर्षांची नात, इसारी. शेजारी इसारीची आई ताएसी, सारापासची एकुलती एक लेक. तिचे दोन्ही हात वर गेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आजोबा," इसारी वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "खाली पाणी वाजतंय."

"कुठे?"

"फरशीखाली. तुमच्या पाणघड्याळात वाजतं ना, तसं. आधी पाणी वाजलं, मग दार हललं."

"गप्प बस."

"पण खरंच वाजलं! देवाच्या खाली पाणी कशाला?"

"गप्प म्हटलं ना! देवळात असले प्रश्न विचारू नयेत."

इसारी हिरमुसली. आजोबा एरवी तिला कधी गप्प बसवत नसत. उलट मागच्याच आठवड्यात त्यांनी तिला कालव्यावर नेलं होतं, रिकामी घागर पालथी करून सरळ पाण्यात दाबायला लावली होती. घागर पाण्याखाली गेली तरी आत पाणी शिरेना. "आत कोण बसलंय?" त्यांनी विचारलं होतं. इसारीने घागर जरा तिरकी केली, बुडबुडे फुटले, आणि ती ओरडली, "हवा!" मग तिने विचारलं, "पण ती दिसत का नाही?" तेव्हा आजोबा म्हणाले होते, "दिसत नाही म्हणून नसते असं नाही. पण आहे म्हणायचं, तर तुझ्यासारखं दाखवता आलं पाहिजे." आणि आज तेच आजोबा तिला दटावत होते.

सारापासला फरशीखालचं पाणी चांगलंच माहीत होतं. ते दार त्यानेच केलं होतं.

दहा वर्षांपूर्वी पाकेब स्वतः त्याच्या दुकानी आला होता. सारापास तरुणपणी अलेक्झांड्रियात पाणघड्याळं करायला शिकला होता. पालथ्या घागरीचा धडा त्याला तिथल्याच एका म्हाताऱ्या गुरुजींनी दिला होता, आणि पुढचाही. हवा तापली की फुगते, निवली की आक्रसते. फुगलेल्या हवेला जागा लागते, ती पाण्याला ढकलते, आणि ढकललेल्या पाण्याकडून वाटेल ते काम करून घेता येतं. पाकेब म्हणाला होता, "उत्सवात लोकांना जरा गंमत हवी. दार आपणहून उघडलं पाहिजे. फक्त लगेच नको हं! माणसं तळमळली पाहिजेत." म्हणून सारापासने पाण्याची नळी मुद्दाम बारीक ठेवली. काम झालं तेव्हा पाकेबने त्याला आईच्या ममीवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घ्यायला लावली. इतक्या सुंदर कामाची गुपितं अशीच राखतात, असं तेव्हा सारापासला वाटलं होतं.

पहिली दोन वर्षं ती गंमतच होती. मग कोणीतरी आजारी पोर आणलं, योगायोगाने त्याच वेळी दार उघडलं, आणि पोर बरं झालं. झालं, पाकेबच्या हाती घबाड लागलं. त्याने नियम काढला. ज्याच्यासाठी दार उघडेल त्याला देवाने पदरात घेतलं. त्याने तीन दिवस अंगणात पडून राहायचं, आणि देवाच्या पदरातल्या माणसाच्या तोंडात माणसाच्या हातचा दाणा नाही की पाण्याचा थेंब नाही. जगला तर देवाची कृपा, मेला तर देवाने जवळ बोलावलं. कसंही झालं तरी पाकेबचंच खरं. कोणासाठी दार उघडायचं आणि कोणासाठी नाही, तेही तोच ठरवी. ज्याने घसघशीत दान दिलं त्याच्या आगीला वाळकी बाभूळ, बाकीच्यांच्या आगीला झाऊची ओली लाकडं. नुसता धूर, आणि "देव रागावलाय."

सारापास हे सगळं ऐकत होता आणि गप्प होता. शपथ होती हे खरं. पण आणखी एक खरं होतं, आणि ते त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला आपलं काम बघायला आवडायचं. दार हलताना हजार माणसांचा श्वास अडकायचा आणि हा कडेला उभा राहून मनात म्हणायचा, माझं आहे. थमेरमध्ये त्याच्याइतका शहाणा कारागीर नव्हता, आणि त्याच्याइतका मूर्खही नव्हता.

उन्हाळा कडक आला. नदी पार खाली गेली, कालव्यात हिरवट डबकी उरली, आणि पुराआधीच्या त्या वाईट दिवसांत दरवर्षीप्रमाणे हगवणीची साथ सुरू झाली. सारापास तेव्हा वरच्या गावी पाणघड्याळ दुरुस्त करायला गेला होता. नवव्या दिवशी त्याची नाव थमेरच्या घाटाला लागली, तशी जवाची दारू विकणारी तेप्सा काठावरूनच ओरडली.

"सारापासभाऊ, तोंड गोड करा! तुमची नात नशीबवान!"

"का गं, काय झालं?"

"हगवण लागली होती पोरीला. ताएसीने परवा देवळात नेली. आणि दार उघडलं की हो! तिच्या नवऱ्याने लग्नात दिलेली चांदीची कांकणं वाहिली तिने, पण काय बिघडलं? पोर देवाच्या पदरात गेली. आमच्या शेजारणीने तीनदा नेलं आपल्या पोराला, एकदा नाही उघडलं!"

सारापासच्या हातातली हत्यारांची पिशवी तिथेच पडली. तो पळत सुटला. साठीचा माणूस असा का पळतोय म्हणून तेप्साही घाबरली आणि दारूचे बुधले, चुलीवरून नुकतीच उतरवलेली आमटी, सगळं गाढवावर लादून मागोमाग निघाली. देवळात आज गर्दी असणार होती, तिला विकायला तिथेच जायचं होतं.

देवळाच्या फाटकाबाहेर गावचा म्हातारा वैद्य दियोस्कोर बसला होता. "दोन दिवस बसलोय," तो सारापासला म्हणाला. "आत सोडत नाहीत. जवाचं पाणी, चिमूट मीठ, घोट घोट देत राहा म्हटलं होतं. देत होती तुझी लेक, पोर सावरतही होती. मग कोणीतरी तिला भरीला घातलं."

"बाबा, आलात!" अंगणातून ताएसी लगबगीने आली. तिचा चेहरा जागरणाने सुकला होता आणि तरी आनंदाने उजळला होता. "आपल्यासाठी दार उघडलं, बाबा. बघा ना, किती शांत झोपलीय."

इसारी चटईवर पडली होती. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रे. सारापासने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"परवापासून पाणी नाही?"

"कसं देणार? देवाने घेतलंय ना तिला."

सारापासने कोपऱ्यातल्या माठातून भांडं भरलं. तो वळतोय तोच ताएसीने ते त्याच्या हातून उडवून लावलं. भांडं फुटलं, फरशीवर पाणी पसरलं.

"तिला मारायचंय का तुम्हाला?" ती किंचाळली. "शेवटचा दिवस राहिलाय! संध्याकाळी बरी होईल ती. आता नियम मोडला तर देव टाकून देईल तिला!"

"ताएसी, ऐक माझं. ते दार मी केलंय."

"काय?"

"दार मी केलंय. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी. वेदी आतून पोकळ आहे. खाली तांब्याचा गोळा आहे, पाण्याने भरलेला..."

"बाबा, पुरे करा."

"तुझ्या आजीच्या ममीवर घेतलेली शपथ मोडून सांगतोय, पोरी."

"पुरे म्हटलं ना!" तिने कान झाकून घेतले. "माझ्यासाठी उघडलं ते. माझ्यासाठी!"

गलका ऐकून पाकेब बाहेर आला. त्याने क्षणभर सारापासकडे रोखून पाहिलं आणि मग लोकांकडे वळून सुस्कारा टाकला. "बिचारा! नातीच्या दुखण्याने डोकं फिरलंय. भाविकहो, वेड्याचं बोलणं देव मनावर घेत नाही."

"मी वेडा असेन," सारापास म्हणाला, "खोटारडाही असेन. तूच दहा वर्षं सांगतोस ना, खोटारड्याला देव दार उघडत नाही म्हणून? मग मी वेदीवर जाळ करतो. धूप नाही, मंत्र नाही, दान नाही. त्यावर आमटीचं भांडं ठेवतो. दार उघडलं तर मी खरा."

गर्दीत हशा पिकला. पाकेब गरजला, "वेदी विटाळेल!"

"दगड आहे, धुतला की झालं," दियोस्कोर फाटकातून आत येत म्हणाला. या गडबडीत त्याला अडवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"करू द्या की," तेप्साने आवाज चढवला. "नाही उघडलं तर म्हाताऱ्याचं तोंड तरी बंद होईल. घ्या, माझीच आमटी घ्या. मसुराची आहे, कांदा घालायचा राहिलाय फक्त."

लोकांना गंमत हवी होती. "होऊ द्या, होऊ द्या!" चारी बाजूंनी ओरडा झाला. पाकेबने एका सेवकाला फरशीखाली उतरणाऱ्या मागच्या जिन्याकडे डोळ्याने खुणावलं, पण दियोस्कोर आधीच तिथे जाऊन जिन्याच्या झाकणावर बसला होता. "गुडघे दुखतात बाबा," तो सेवकाला म्हणाला, "आता काही उठवत नाही."

सारापासने वाळकी बाभूळ रचली, जाळ केला, वर आमटी चढवली, आणि नातीपाशी येऊन बसला.

आता थांबायचं. किती थांबायचं ते त्याला पाठ होतं: एक घटका. हवा तापणार, गोळ्यात शिरून पाण्याला रेटणार, पाणी बारीक नळीतून थेंब थेंब बादलीत जाणार, बादली जड होणार. ती नळी बोटभर जाड असती तर पाव घटकेत काम झालं असतं. माणसं तळमळली पाहिजेत म्हणून ती त्याने काडीएवढी केली होती, स्वतःच्या हाताने, कानस लावून लावून. ताएसी मांडीवर पोरीचं डोकं घेऊन बसली होती आणि कोणाला हात लावू देत नव्हती. सारापास आपल्याच यंत्रापुढे हात चोळत बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गर्दीतल्या माणसांसारखा दाराकडे बघून मनात म्हणाला, उघड, लवकर उघड.

इसारीने डोळे किलकिले केले. "आजोबा... वाजतंय?"

"अजून नाही, बाळा."

पाकेबने छाती फुगवली. "बघा! देव ओळखतो. देव..."

फरशीखाली गुडगुड झाली.

"वाजलं," इसारी म्हणाली. ओठ जेमतेम हलले.

"हो. तू बरोबर ऐकलं होतंस. त्या दिवशीही बरोबरच ऐकलं होतंस."

फळ्या कुरकुरल्या. वेदीवर आमटी उतू गेली आणि मगरदेवाचं दार, ना नवस ना दान, मसुराच्या फसफसत्या भांड्यासाठी सताड उघडलं.

"देव जेवायला उठला रे!" मागून कोणीतरी ओरडलं. माणसं हसली, आणि लगेच गप्प झाली. दियोस्कोर जिन्यावरून उठला. सारापासने पहार घालून फरशी उचलली. खाली दोरांना लटकलेली भरली बादली होती, आणि ते दोर दाराच्या खालपर्यंत आलेल्या फिरत्या खांबांना गुंडाळलेले होते. त्याने वेदीवरचा विस्तव खाली लोटला. हळूहळू हवा निवली, गोळ्याने पाणी परत ओढून घेतलं, बादली हलकी होऊन पलीकडच्या वजनाने वर चढली आणि दार मिटलं. तेप्साने वाकून बादलीत हात घातला. "कालव्याचंच पाणी आहे गं बाई," ती हळूच म्हणाली. "गढूळ."

ताएसीने त्या बादलीकडे पाहिलं. मग ती उठली, तेप्साच्या हातातला तांब्या हिसकावून माठाकडे धावली, आणि "पाणी, पाणी घे इसू, घे गं," म्हणत पोरीच्या तोंडाशी धरू लागली. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं. दियोस्कोरने फडकं भिजवून थेंब थेंब पिळून पाहिलं. इसारीला गिळता येईना. "काल असतं तर..." दियोस्कोर एवढंच म्हणाला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

इथे गोष्ट संपून लोक शहाणे झाले असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव म्हणत होतं की देवाची विटंबना केली म्हणून पोर गेली. बाकीच्यांतले बरेच म्हणत होते की देव किती दयाळू, आजोबाच्या दुःखासाठी आमटीलाही दार उघडलं. डोळ्यांनी बादली पाहिलेली माणसं असं म्हणत होती. पाकेबने फरशी बसवून घेतली आणि महिन्याभराने पुन्हा कर्णे वाजू लागले. गर्दी मात्र पूर्वीइतकी जमेना.

सारापासने उरलेल्या तांब्याचं एक छोटं यंत्र केलं, हातभर उंचीचं, कुठलाही भाग न झाकता. ते घेऊन तो रोज घाटावर बसायचा आणि येईल त्याला दाखवायचा. नळी त्याने जाड ठेवली होती.

त्या देशातल्या सुतकाचे सत्तर दिवस ताएसी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. एकाहत्तराव्या सकाळी ती घाटावर आली. काखेत रिकामी घागर होती.

"त्या दिवशी माझ्या पोरीसाठी दार कोणी उघडलं, बाबा?"

हवेने, पाण्याने, बादलीने, असं त्याला सांगता आलं असतं. "मी," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग ती पुराच्या तांबूस पाण्याकडे वळली. "उत्सवात तिने तुम्हाला विचारलं ना, खाली काय वाजतंय म्हणून? मी शेजारीच होते. मलाही ऐकू आलं होतं पाणी. मी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले."

सारापासने तिचा हात धरला. दोघं रडली. घाटावरच्या बायका पाणी भरायच्या थांबल्या.

पायरीवर एक चिमुरडी तांब्याच्या यंत्राकडे टक लावून बघत होती. "आई, त्याच्या आत कोण आहे?" तिने विचारलं. तिच्या आईने दंडाला धरून तिला मागे ओढलं. "गप गं! मोठी माणसं रडतायत, दिसत नाही का?"

ताएसीने पदराने तोंड पुसलं. ती दोन पायऱ्या उतरली आणि रिकामी घागर पालथी करून मुलीच्या हातात दिली.

"तिला गप्प करू नकोस, बाई," ती त्या आईला म्हणाली. "देवळात असो, घरात असो, विचारू दे. आणि तुलाही ऐकू आलं ना, तर फरशी उचलून बघ. आम्ही नाही बघितली." मग तिने मुलीचे हात घागरीवर नीट ठेवले. "दाब. सरळ दाब पाण्यात. आता मला सांग, आत कोण बसलंय?"